पोट नसलेलं वाद्य

कार्यक्रम संपला की स्टेजखाली दोन-चार बाया माझ्याभोवती हमखास जमतात. बरीच वर्षं झाली, मी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवते. घाटंजी, पांढरकवडा, आर्णी, वणी, कुठे लग्न, कुठे गणपती, कुठे भीमजयंती. बाया आधी माझ्याकडे बघतात, मग गिटारकडे. मग एखादी मावशी धीर करून गिटारवर बोटानं टकटक करते आणि म्हणते, "ताई, हे तं नुसती फळी हाय वं. याले पोटच नाही. मंग आवाज कुठून येते?"

प्रश्न अगदी नेमका आहे. वाद्य म्हटलं की आपल्याला पोकळ पोट दिसतं. भजनातली एकतारी घ्या, तिला खाली भोपळा असतो. तंबोऱ्याला भोपळा, सतारीला भोपळा. मिरजेचे कारागीर पिढ्यान् पिढ्या हे भोपळे वाळवून, कापून, चामखीळ नसलेला चांगला भोपळा निवडून सतारी-तंबोरे घडवत आले आहेत. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. ढोलकी पोकळ, मृदंग पोकळ, साधी गिटारसुद्धा पोकळ. कारण नुसती तार छेडली तर ती हवेला फारशी हलवत नाही, इतकी ती बारीक असते. घरी करून बघा. एक तार दोन हातांत ताणून धरा आणि कोणाला तरी छेडायला सांगा. कानाशी आणल्याशिवाय ऐकू येणार नाही. तीच तार तेलाच्या रिकाम्या डब्याला टेकवून छेडा. डबा बोलायला लागेल. तार डब्याला हलवते, डब्याचा रुंद पत्रा हवेला हलवतो आणि आवाज मोठा होतो. पोटाचं काम एवढंच.

माझी गिटार मात्र भरीव लाकडाची आहे. वायर काढून वाजवली तर शेजारच्या खोलीतसुद्धा धड ऐकू येत नाही. मग स्टेजवर तिचा आवाज गावभर कसा जातो?

तारांच्या खाली बघा. लाकडात तीन लांबट पट्ट्या बसवलेल्या दिसतील. प्रत्येक पट्टीवर सहा बारके गोल ठिपके, एकेका तारेखाली एकेक. त्या पट्टीला पिकअप म्हणतात. ते ठिपके म्हणजे लोहचुंबकाच्या कांड्या, आणि त्यांच्याभोवती तांब्याची तार गुंडाळलेली असते. विहिरीवरची मोटार जळली की आपण ती वाइंडिंगला नेतो. तिथे कारागीर तांब्याच्या तारेचे वेढे भरत बसलेला असतो ना, तसंच हे. फरक इतकाच की मोटारीची तार जाड असते आणि ही आपल्या डोक्याच्या केसाएवढी. एका मिलिमीटरचे सोळा भाग केले तर त्यातला एक भाग, इतकी बारीक. तिचे साडेसात-आठ हजार वेढे एका पिकअपवर असतात. उलगडून सरळ केली तर साधारण किलोमीटरभर तार निघेल, एवढ्याशा पट्टीतून!

आता सायकलचा डायनॅमो आठवा. चाकाबरोबर आतला चुंबक फिरतो, शेजारच्या तांब्याच्या वेटोळ्यात वीज तयार होते आणि दिवा लागतो. चुंबक आणि तांब्याची गुंडाळी यांच्यात हालचाल झाली की वीज निघते, हे इंग्लंडच्या मायकेल फॅरेडेनं १८३१ साली दाखवून दिलं. त्याचे वडील लोहार होते आणि तो स्वतः पुस्तकं बांधायच्या दुकानात शिकाऊ कामगार होता. गिटारमध्ये चुंबक जागचा हलत नाही, वर पोलादी तार थरथरते. चुंबकाजवळ असल्यामुळे तार स्वतःही थोडी चुंबक होते, आणि ती जशी डोलेल तशी खालच्या वेटोळ्यात वीज डोलते. सगळ्यात जाड तार सेकंदाला ब्याऐंशी वेळा हलते, सगळ्यात बारीक तीनशेतीस वेळा. विजेलाही तेच हेलकावे मिळतात. म्हणूनच या गिटारला नायलॉनची तार लावून चालत नाही. चुंबकाला नायलॉन दिसतच नाही, जणू तिथे तारच नाही.

ही वीज असते तरी किती? घड्याळाच्या सेलमध्ये दीड व्होल्ट असतात. गिटारमधून त्याच्या दहाव्या हिश्शाएवढी निघाली तरी पुष्कळ. पुढे अँप्लिफायर तिला मोठं करतो आणि स्पीकरकडे पाठवतो. आणि स्पीकर म्हणजे काय? पुन्हा चुंबक, पुन्हा तांब्याची गुंडाळी, फक्त काम उलटं. तिथे वीज जाते, गुंडाळी हलते, तिला चिकटलेला कागदी पडदा हलतो आणि हवेत आवाज होतो. तुम्ही माझं बोलणं ज्या रेडिओवर ऐकता त्याच्या पोटातही तेच आहे. चुंबक आणि तांबं, इकडे एक जोडी, तिकडे एक जोडी, मधे वीज. मला स्वतःला ही गोष्ट अजून जादूसारखी वाटते, इतकी वर्षं वाजवूनही.

सुरुवातीला लोकांनी पोकळ गिटारलाच पिकअप लावून बघितलं. पण स्पीकरचा आवाज परत गिटारच्या पोटात शिरायचा आणि माइक स्पीकरसमोर धरल्यावर होतं तसं कुईंऽऽ सुरू व्हायचं. पोटच काढून टाकलं तर? अमेरिकेत १९३१ साली जॉर्ज बोशाम्प नावाच्या वादकानं आणि त्याच्या जोडीदारांनी एक गिटार केली. ती मांडीवर आडवी ठेवून वाजवायची होती. आकार गोल, मागे लांब दांडा. पुढे ती अॅल्युमिनियममध्ये ओतून विकायला आली आणि लोकांनी तिचं नाव पाडलं 'तवा', म्हणजे त्यांच्याकडचा दांड्याचा तवा. जगातली पहिली खरी इलेक्ट्रिक गिटार तव्याच्या नावानं ओळखली जाते, हे स्वयंपाकघरात उभं राहून ऐकायला बरं वाटतं.

माझ्या गिटारचा घाट ज्याच्या डोक्यातून निघाला तो माणूस मात्र वादक नव्हता. त्याचं नाव लिओ फेंडर. शेतकऱ्याच्या घरातला, कॅलिफोर्नियातला, एक डोळा लहानपणीच गेलेला. १९३८ पासून त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. वादक आपले मोडके अँप्लिफायर त्याच्याकडे दुरुस्तीला आणायचे, तक्रारी करायचे आणि तो ऐकायचा. गिटार वाजवायला तो जन्मभर शिकला नाही. १९५० साली त्यानं भरीव लाकडाची गिटार विकायला काढली, तीच पुढे टेलिकास्टर झाली. १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर आली. आज रस्त्यावरच्या पोरालाही 'इलेक्ट्रिक गिटार काढ' म्हटलं तर तो दोन शिंगांची जी आकृती काढेल ती हीच.

माझी मूळ अमेरिकन नाही, सांगून टाकते. तिच्याच घाटाची नक्कल आहे, नागपूरला एका वादकाकडून जुनी घेतलेली. मधे पिवळी, कडेला तांबूस-काळपट, चुलीवर चांगली भाजलेली भाकर जशी दिसते तशी. पण घाट नीट उचललेला आहे, त्यामुळे त्या डोक्याची शहाणीव मला रोज हाताला लागते. मागची बाजू शरीराला टेकते तिथे लाकूड कोरलेलं आहे, बरगडीला टोचत नाही. चार-चार तास उभ्यानं वाजवणाऱ्या बाईला याची किंमत कळते. मान चार स्क्रूंनी बसवलेली आहे. जुन्या पद्धतीच्या गिटारला मान सरसानं चिकटवलेली असते, ती मोडली की सगळंच संपलं. इथे चार स्क्रू काढा, नवी मान बसवा. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला माहीत असतं की वस्तू बिघडणारच, म्हणून ती उघडता आली पाहिजे. मला या वाद्यात सगळ्यात जास्त आवडतो तो हाच गुण. आवाजाचं कौतुक सगळे करतात.

आवाजाबद्दलही बोलू. तिचा आवाज स्वच्छ असतो, स्टीलच्या भांड्यावर चमचा हलकेच लागावा तसा, आणि तरी त्यात एक ओल असते. तीन पिकअप तीन जागी आहेत. मानेजवळचा गोल बोलतो, टोकाजवळचा तिखट. एक बटण सरकवलं की तीच बाई वेगळ्या आवाजात बोलायला लागते. दोष एक आहे. ट्यूबलाइटजवळ किंवा जनरेटरजवळ उभी राहिले की ती हम्मऽऽ करत राहते, कारण तिचं वेटोळं तारेची थरथर पकडतं तशी आसपासच्या विजेची गुणगुणही पकडतं. त्यावर गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी १९५५ साली तोड काढली. एकाऐवजी दोन वेटोळी, एकमेकांच्या उलट गुंडाळलेली, आणि चुंबकही उलटसुलट. बाहेरची गुणगुण दोघींत उलट येते आणि एकमेकींना खोडून टाकते. तारेचा आवाज मात्र दोघींत जुळून येतो. दोन जावा, बाहेरच्याचं काही ऐकत नाहीत आणि घरातलं एकमतानं बोलतात, असं समजा. त्या गिटारचा आवाज जाडसर असतो. मला माझी गुणगुणणारीच बरी.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय निवडला तिच्याकडे येते. १९५०-६० मधल्या या गिटारी आज लाखो रुपयांना विकल्या जातात. वाजवणारे शपथेवर सांगतात की त्या जुन्या आवाजाची सर नव्याला नाही. त्यातलं थोडं खूळ आहे, असं माझं मत. पण थोडं खरंही आहे, आणि त्याचं कारण बायकांच्या हातात आहे.

फेंडरच्या कारखान्यात पिकअपची गुंडाळी बहुतेक बायकाच करत. यंत्र फक्त रीळ गरगर फिरवायचं. तार बोटांच्या चिमटीत धरून डावीकडे-उजवीकडे नेणं हाताचं काम. जोरात ओढली तर तुटणार, सैल सोडली तर गुंडाळी ढिली पडणार. आणि हात माणसाचा, त्यामुळे वेढे एकावर एक शिस्तीत बसत नाहीत, थोडे विखरून बसतात. त्या विखुरण्यामुळे आवाज जरा मोकळा होतो, असं जाणकार म्हणतात. अॅबिगेल इबारा नावाची बाई १९५६ साली त्या कारखान्यात कामाला लागली आणि २०१३ साली निवृत्त झाली. सत्तावन्न वर्षं! त्या पिकअपवर ज्यांनी गाणी वाजवली त्यांची नावं जगभर झाली. तिचं नाव बरीच वर्षं कारखान्याच्या भिंतीबाहेर गेलं नाही. पुढे वादकांना कळलं, आणि मग तिच्या हातची, तिच्या सहीची पिकअप लोक शोधून शोधून, जास्त पैसे मोजून घेऊ लागले.

मला त्या बारीक तारेची थोडी ओळख आहे. माझ्या गिटारचं मधलं पिकअप एकदा मुकं झालं. इथल्याच एका वाइंडिंगवाल्या भाऊंकडे नेलं. त्यांनी भिंग लावून पाहिलं आणि हसले, "ताई, हे तार हाय का कोळ्याचं जाळं?" त्यांच्याकडची सगळ्यात बारीक तारही हिच्या कितीतरी पट जाड होती. पण माणूस हौशी. एक टोक तुटलं होतं ते त्यांनी नखानं इनॅमल खरवडून, श्वास रोखून डाग देऊन जोडलं. आजतागायत चालू आहे. तेव्हा कळलं की दिवसभर अशी तार बोटांत धरणं म्हणजे काय. कापूस वेचणाऱ्या बाईला समजेल ते. बोंडाचं टोक बोटाला लागू न देता, काडीकचरा न येऊ देता वेचणारा हात वेगळा असतो. त्या हातामुळे मालाची प्रत ठरते आणि काट्यावर फक्त किलो मोजतात.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात असंच झालं. अमेरिकेतल्या कॅलॅमॅझू गावी गिब्सनचा कारखाना होता. पुरुष लढाईवर गेले आणि १९४२ ते १९४५ या काळात हजारो गिटारी, त्या साध्या पोटवाल्या, बायकांनी घडवल्या. युद्धात गिटारी बनत नव्हत्या, अशीच गोष्ट नंतर सांगितली जात राहिली. कारखान्यासमोर बसलेल्या बायकांचा एक जुना फोटो जॉन थॉमस नावाच्या कायद्याच्या प्राध्यापकाच्या पाहण्यात आला. मग त्यांनी म्हाताऱ्या झालेल्या त्या बायकांना एकेक करून शोधून काढलं आणि २०१२ साली पुस्तक लिहिलं. फोटो नसता तर?

वाजवणाऱ्यांतही एक बाई आहे, तिची गोष्ट कापसाच्या मुलखातली आहे. सिस्टर रोझेटा थार्प. जन्म १९१५, अमेरिकेतल्या ज्या गावी झाला त्याचं नावच 'कॉटन प्लांट', म्हणजे कपाशीचं झाड! आई-वडील कपाशीत राबणारे, काळ्या वर्णाचे. आई चर्चमध्ये भजनं गायची, मुलगी लहानपणापासून तिच्याबरोबर गिटार घेऊन उभी राहायची. पुढे तिनं इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवली आणि भक्तिगीतांना अशी चाल दिली की ज्याला पुढे जग रॉक म्हणू लागलं त्याची मुळं तिच्या वाजवण्यात सापडतात. देवाचं गाणं आणि विजेची गिटार हे एकत्र कसं, म्हणून चर्चमधली माणसं नाराज झाली. नाचगाण्याच्या जागी भजन कसं, म्हणून बाहेरचेही चकित झाले. १९६४ साली इंग्लंडमधल्या मँचेस्टरला एका बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनवर तिचा कार्यक्रम टीव्हीसाठी झाला. पाऊस पडून गेलेला, अंगात जाड कोट, हातात पांढरी गिटार. ती चित्रफीत आजही बघायला मिळते, मोबाइलवर जरूर बघा. १९७३ साली ती वारली आणि कितीतरी वर्षं तिच्या थडग्यावर नावाचा दगड नव्हता. रॉक संगीताच्या मानकऱ्यांत तिचं नाव २०१८ साली घेतलं गेलं.

कपाशीतूनच आलेला दुसरा वादक बी. बी. किंग. मिसिसिपी राज्यात १९२५ साली जन्मला, कापूस वेचला, ट्रॅक्टर चालवला. १९४९ च्या हिवाळ्यात एका खेड्यातल्या हॉलमध्ये त्याचा कार्यक्रम चालला होता. थंडी घालवायला मधोमध एका पिंपात रॉकेल पेटवून ठेवलेलं. दोन माणसांत मारामारी झाली, पिंप कलंडलं, आग लागली. सगळे पळाले, तोही पळाला. बाहेर आल्यावर आठवलं, गिटार आत राहिली. परत आगीत शिरून त्यानं ती आणली. दुसऱ्या दिवशी कळलं की भांडण ल्युसिल नावाच्या बाईवरून झालं होतं. त्यानं गिटारचं नाव ल्युसिल ठेवलं. प्रेमानं नव्हे, तर असला मूर्खपणा पुन्हा करायचा नाही याची आठवण म्हणून. पुढे आयुष्यभर त्याच्या प्रत्येक गिटारचं नाव ल्युसिलच राहिलं.

आपल्याकडे ही गिटार सिनेमातून आली. मुंबईत व्हॅन शिपली यांनी मांडीवरच्या इलेक्ट्रिक गिटारवर सिनेगीतांच्या कितीतरी रेकॉर्डी काढल्या. गझला गाणारे भूपिंदर सिंग तुम्हाला माहीत आहेत. ते आधी गिटारवादक होते. १९७१ च्या 'हरे रामा हरे कृष्णा' मधलं 'दम मारो दम' सुरू होताना जी गिटार वाजते ती त्यांची. ते चार-पाच सूर वाजवले की आजही मांडवातली म्हातारी माणसंसुद्धा मान वर करतात.

पण खरं सांगू का, महाराष्ट्राची स्वतःची इलेक्ट्रिक गिटार वेगळीच आहे. तिचं नाव बेंजो. मिरवणुकीत बघितलाच असेल. लांब पेटी, वर टाइपरायटरसारखी बटणं, एका हातानं बटणं दाबायची, दुसऱ्या हातानं तारा छेडायच्या. जपानमधल्या नागोया शहरात १९१२ साली ते वाद्य तयार झालं. आपल्याकडे येऊन कोणी त्याला बुलबुलतरंग म्हटलं, महाराष्ट्रानं बेंजो म्हटलं. मग आपल्याच कारागिरांनी त्याला चुंबक आणि कॉइल बसवून स्पीकरला जोडलं. शोध अमेरिकेतला, पेटी जपानची आणि वाजवणं कोकणातल्या, मुंबईच्या चाळीतल्या पोरांचं. रवी जाधव यांनी २०१६ साली त्यावर सिनेमाही काढला. बेंजोला कोणी शास्त्रीय मान देत नाही. मला मात्र त्यात आणि माझ्या गिटारमध्ये नात्याचंच काहीतरी दिसतं, आतलं तांबं एकच आहे.

आता कान देऊन ऐका, हे जीवाचं आहे. गिटारच्या पोलादी तारा आतून वायरीनं अँप्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात. तो सांगाडा तीन पिनांच्या वायरीतल्या जाड पिनेतून जमिनीला, म्हणजे अर्थिंगला, जोडलेला असला पाहिजे. आपल्याकडे काय होतं? बोर्डात जाड पिन बसत नाही म्हणून ती तोडून टाकतात, किंवा दोन पिनांची वायर जोडतात. अँप्लिफायरमध्ये काही बिघडलं तर वीज सांगाड्यात, सांगाड्यातून तारांत आणि तारांतून वादकाच्या बोटांत. तोवर कदाचित कळतही नाही. पण गाण्यासाठी तिनं दुसरा हात किंवा ओठ माइकला लावला, आणि माइकचं अर्थिंग नीट असलं, की वीज एका हातातून छातीतून दुसरीकडे जाते. उलटंही होतं, गिटार नीट आणि माइकच बिघडलेला. १९७२ साली स्वान्सी शहरात लेस हार्वे नावाचा तरुण गिटारवादक स्टेजवर असाच गेला. अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागला, एवढंच झालं.

तुमच्या गावात कार्यक्रम ठेवाल तेव्हा एवढं बघा. तीन पिनांची वायर शाबूत आहे का. मांडवाच्या बोर्डाला तीस मिलिअँपिअरचं आरसीसीबी लावलेलं आहे का, ते वीज गळती झाली की आपोआप तोडतं. माइक आणि गिटारचा अँप्लिफायर एकाच बोर्डावरून, एकाच अर्थिंगवर घ्यायचे. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकायचं, कोरडी माती वीज ओढत नाही. पाऊस आला तर आधी मेन बंद, मग वायरी गुंडाळायच्या. आणि माइकला हात लावताच झिणझिण्या आल्या तर 'असं होतंच असतं' म्हणून पुढे गायचं नाही. आमच्या भजनी मंडळांत हे वाक्य फार चालतं. कोणी चिकटलीच तर तिला हात लावू नका. आधी बटण बंद करा, ते जमत नसेल तर कोरड्या लाकडानं वायर दूर करा.

मागच्या पावसाळ्यात आमच्या बचत गटात एका बाईनं अंतर्गत कर्ज मागितलं. नऊ हजार, लेकीला इलेक्ट्रिक गिटार घ्यायला. बैठकीत शांतताच झाली. मग एकजण बोलली, "शेळी घेतली तं पिल्लू देते, मशीन घेतली तं ब्लाऊज शिवते. गिटार काय देते वं?" मी सांगितलं, लग्नसराईत आमच्याकडे वाजवणाऱ्याला एका कार्यक्रमाचे पाचशे ते बाराशे मिळतात आणि वर्षातले पाच-सहा महिने काहीच मिळत नाही. दोन्ही गोष्टी सांगितल्या. पण खरी शंका पैशाची नव्हतीच. ती आणखी वेळानं बाहेर आली. "रातच्याले पोरगी कोणासंग येईन?" याला उडवाउडवीचं उत्तर देता येत नाही. मी आमच्या पार्टीचे नियम सांगितले. गाडीत किमान दोन बाया, गाडीवाला ओळखीचा, घरी पोचल्यावर फोन. आणि रात्री दहानंतर लाऊडस्पीकर लावायला कायद्यानं मनाई आहे, ती आम्ही मोडत नाही. एकीचं समाधान झालं, दुसरीचं झालं नाही. शेवटी गटानं सहा हजार मंजूर केले, दहा हप्ते. तीन हजार आईनं वेचणीच्या मजुरीतून घातले. दोन बायांनी विरोध नोंदवला, तोही इतिवृत्तात आहे.

त्या पोरीला मी एक गोष्ट सांगितली ती तुम्हालाही सांगते, कारण 'घरात धिंगाणा होईल' म्हणून पुष्कळजणी नको म्हणतात. उलट आहे. ढोलकी रात्री वाजवता येत नाही, पेटी वाजवली तर घर जागं होतं. ही गिटार वायर न लावता वाजवा, खाटेवर झोपलेल्या सासूबाईंनाही कळत नाही. पोट नाही म्हणून. भांडी झाली, लेकरं झोपली, की अर्धा तास बसायचं. पहिले तीन-चार आठवडे बोटांची टोकं दुखतात, मग घट्टे पडतात.

विकत घेणार असाल तर नवी, शिकणाऱ्यांसाठीची, सात-आठ हजारांपासून मिळते. छोटा अँप्लिफायर वेगळा. जुनी घेणार असाल तर मान एका डोळ्यानं बंदुकीसारखी धरून बघा, वाकडी आहे का. मग अँप्लिफायरला जोडा, आवाज बारीक ठेवा आणि घराची लोखंडी किल्ली घेऊन एकेका पिकअपला हलकेच लावा. टक असा आवाज स्पीकरमधून आला तर आतलं वेटोळं जिवंत आहे. जिथे टक येणार नाही तिथे तार तुटलेली आहे, तेवढे पैसे कमी करून मागा.